भिंतीवरचे चार ठिपके

१

अक्षताचा फोन आला तेव्हा मी पार्ल्याच्या घरी कुकर उतरवत होते. ती काहीच बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. भाचीला सातवा महिना लागलेला होता. कुकर मी तसाच ओट्यावर आदळला.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "सगळी मेली. एक पण नाही फुटलं."

ती अंड्यांबद्दल बोलत होती. मला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी ते ओसरलं, कारण ती ज्या आवाजात बोलत होती तो आवाज मी गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ऐकला होता. तेव्हा तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं.

अक्षता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मरोळ गावठाणातल्या कीथशी तिने लग्न केलं तेव्हा आमच्या मालवणी घरात दोन आठवडे अबोला होता. मग त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, लोकांच्या घरचं जेवण जेवल्यावर सगळ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. कीथ जहाजावर असतो. निघण्यापूर्वी त्याने आईच्या गावठी कोंबड्यांसाठी अंडी उबवायचं एक मशीन बनवून दिलं, कारण कोंबडी अंड्यांवर बसली की मागच्या झाडीतलं मुंगूस डाव साधायचं. मशीन म्हणजे मासळीवाल्यांचा थर्माकोलचा खोका, आत बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि झाकणात बसवलेली काच. फेब्रुवारीत त्यातून पिल्लांची फौज निघाली होती. आता एप्रिलमध्ये दोन खेपा एकाच खोक्यात ठेवलेल्या होत्या, दुसरी पहिलीच्या चार-पाच दिवस मागे. पहिली खेप काल फुटायला हवी होती.

"अगं, अंडी आहेत ती," मी म्हटलं. "होतं असं कधीकधी."

"मी मनात धरलं होतं मावशी. ही फुटली तर माझं नीट होईल. नाही फुटली तर..."

तिचं ब्लडप्रेशर चढतंय, ती रात्ररात्र जागी असते आणि असंच चाललं तर अॅडमिट करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मला बहिणीकडून कळलं होतं. दुसरी खेप अजून खोक्यात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तीही मेली तर ही पोर काय करून घेईल कोण जाणे. मी रिक्षा पकडली.

२

माझं पोट नुकसानीवर चालतं. जळलेलं गोदाम, भिजलेलं कापड, बंद पडलेलं शीतगृह असं काही झालं की विमा कंपनी मला पाठवते आणि नुकसान खरंच कसं झालं ते मी शोधून काढते. दोनदा हॅचरीतल्या मेलेल्या अंड्यांचीही पाहणी केलेली आहे. घरात मला फौजदार म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नसतं.

मी पोचले तेव्हा अक्षता पलंगाच्या कडेला बसून रोजचं इंजेक्शन घेत होती. रक्त पातळ ठेवायचं, पोटावर टोचायचं. सुईचं नाव काढलं तरी तिच्या सासूला घेरी येते, त्यामुळे ते सगळं सामान अक्षता स्वतःच्या कपाटात ठेवते आणि स्वतःच टोचून घेते. तिने कापसाचा बोळा दाबला, त्यावर पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि तुकड्याचं टोक आत दुमडलं.

"असं केलं की काढताना नखं लागत नाहीत," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या. ताटातली भाकरी सकाळपासून तशीच होती.

तिची सासू लूर्डस मला मागच्या पडवीत घेऊन गेली. मेलेली अंडी एका टोपात ठेवून वर फडकं टाकलेलं होतं. लूर्डस ठेंगणी, सदा घाईत असलेली बाई, पण आज ती माझ्याकडे नीट बघतही नव्हती. मी चमचा मागितला. तो देऊन ती लगेच आत गेली.

पहिलं अंडं मी बोथट टोकाकडून हळूच फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. पिसं, चोच, पायाची नखं, काहीही कमी नव्हतं. दुसरं फोडलं, तेही तसंच. तिसरं, चौथं, सगळी तशीच. मला अंड्यांची कधी किळस आली नव्हती, त्या दिवशी मात्र मी दोनदा उठून तोंड धुऊन आले.

आता यात विचार करण्यासारखं होतं. कोंबडा निकामी असता तर अंडी पाण्यासारखी स्वच्छ निघाली असती. ऊब वारंवार गेली असती तर कोणी अर्ध्यात मेलं असतं, कोणी शेवटी, कोणी नुसतंच मागे पडलं असतं. झाकण सारखं उघडलं गेलं असतं तर पिल्लं आतल्या पापुद्र्याला सुकून चिकटली असती. ही पिल्लं ओली होती, सुजलेली होती, आणि अंड्याच्या टोकाशी हवेची जी पोकळी असते ती जेमतेम नखाएवढी होती. अंडं उबताना थोडं सुकावं लागतं, तेव्हा कुठे ती पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. या पिल्लांनी चोच वर काढली तेव्हा तिथे हवेऐवजी पाणी होतं.

ही पिल्लं बुडून मेली होती. थर्माकोलच्या कोरड्या खोक्यात, उन्हाळ्यात.

३

पाणी कोणीतरी जास्त घातलं असणार, हा साधा हिशेब होता. म्हणून मी घरातल्या प्रत्येकाला बाजूला घेतलं.

व्हिक्टर, म्हणजे अक्षताचा सासरा, आधी म्हणाला की त्याने मशीनला हातही लावलेला नाही. मी गप्प बसून त्याच्याकडे बघत राहिले. माणूस बोलतो अशाने. मग त्याने कबूल केलं की खोलीतून बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची त्याला सवय आहे आणि एकदा मशीनही बंद झालं होतं. लूर्डसने लगेच पाहिलं, तेव्हापासून त्या बटणावर पट्टी मारलेली आहे. बिचारा तेवढ्यावरून रात्रभर स्वतःला कोसत होता. ऊब जाऊन मेलेली अंडी अशी नसतात, हे मी त्याला समजावलं. त्याने चष्मा काढून पुसला.

कीथचा धाकटा भाऊ डेल्रॉय पवईला एका ऑफिसात आहे. अंड्यांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचा त्याला नाद. झाकण उघडत होतास का, विचारल्यावर तो चिडला. "आंटी, मी काचेतनंच शूट करतो. ते पण आता बंद केलंय. काचेवर सारखं पाणी जमतं, काय दिसतच नाय यार. फेब्रुवारीत कसलं झकास क्लिअर होतं."

पाणी कोण घालतं? तर फक्त लूर्डस, सकाळी एकदा, तीच वाटी, तेवढंच पाणी. वाटी मी स्वतः बघितली. तळहातावर मावेल एवढी होती. फेब्रुवारीत याच वाटीने पिल्लं नाचत बाहेर आली आणि एप्रिलमध्ये याच वाटीने बुडाली, हे काही माझ्या डोक्यात बसेना.

शेजारच्या घरात व्हिक्टरची बहीण व्हेनेसा राहते. कोंबड्याच्या आरवण्यावरून तिची लूर्डसशी कायमची धुसफूस, त्यामुळे तिच्यावर माझा पहिला संशय होता. ती मला बघून आधी बॉटल मसाल्याबद्दल बोलली. या लोकांचा वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, मग बायका येऊन लाकडी मुसळांनी कुटून देतात, आणि एका घरचं झालं की दुसऱ्या घरचं सुरू. अख्खी गल्ली महिनाभर शिंकत असते. मग तिने आवाज उतरवला.

"तुमचीच पोर आहे, तरी सांगते. आमच्याकडे मसाला भाजत होतो ना, त्या दिवशी ती त्या खोलीत दार लावून बसलेली. चांगला अर्धा तास. मी खिडकीच्या पडद्याच्या फटीतनं बघितलं, मशीनपाशी वाकलेली. काय करत होती कोण जाणे. ज्या हातांचं एकदा गेलंय, त्या हातांनी अंड्यांना..."

"पुढचं बोलू नका," मी म्हटलं.

माझा राग आवरेना, कारण सकाळचा फोन आठवला आणि मला कळलं की हे ती आधी बोललेली आहे आणि अक्षताने ते ऐकलेलं आहे. त्या पोरीच्या मनात ते कोणी घातलं, याचं उत्तर मला मिळालं होतं.

राहिली लूर्डस. ती मला टाळत होती. मी स्वयंपाकघरात गेले की ती अंगणात, मी अंगणात गेले की ती आत. शेवटी मी मागच्या मोरीशी तिला गाठलं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "आत कपडे भिजवलेत," ती म्हणाली.

तेवढ्यात बंद दारामागून पिल्लांचा चिवचिवाट ऐकू आला.

४

खोटं बोलणाऱ्या माणसाला दम द्यायचा नसतो, नुसती वाट बघायची. लूर्डसने दोन मिनिटांत दार उघडलं. आत टोपलीत भुरी पिल्लं होती, बाजारातून आणलेली.

"आज मेलेली काढली तेव्हाच मी बाजारात गेले," ती म्हणाली. "दुसरी खेप पण नाय फुटली तर ही आत टाकणार होते. तिला दिसली असती. झालं असतं." तिने टोपलीवर फडकं ओढलं. "अनुपमाबाय, ती जेवत नाय. मी समोर बसते, ती घास फिरवत बसते. मी कोणाला सांगू?"

मी या बाईवर संशय घेत होते. आता मी तिचा हात धरला. मग म्हटलं, ही युक्ती चालणार नाही. अक्षताला तिच्या अंड्यांतली पिल्लं ओळखू येतील आणि एकदा फसवलं गेल्याचं कळलं की तिचा आपल्यापैकी कोणावर विश्वास उरणार नाही. दुसरी खेप खरोखरच वाचवायला हवी, आणि त्यासाठी ते पाणी कुठून येतंय ते आजच कळायला हवं.

मशीन देवघराच्या खोलीत, अल्ताराच्या, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्याच्या, खालच्या टेबलावर भिंतीजवळ होतं. अक्षताच्या सांगण्यावरून पडदे ओढलेले असत. मी एक अंडं उचलून मोबाइलचा उजेड लावला. आतली सावली हलली, पिल्लू जिवंत होतं. पण टोकाची पोकळी याचीही तेवढीच छोटी होती. यालाही आता दोन-तीन दिवसांतच श्वास घ्यायचा होता.

मी डेल्रॉयला हाक मारली आणि फेब्रुवारीतला व्हिडिओ दाखवायला सांगितला. काच खरंच स्वच्छ होती. अंडी, बल्ब, पंखा, वाटी, सगळं जिथल्या तिथे. मी व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी अंड्यांकडे बघितलंच नाही, मागे बघितलं. खोक्यामागे खोलीच्या भिंतीवर उजेडाचे चार गोल ठिपके पडलेले होते.

मान वर करून मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काहीच नव्हतं.

"कीथने मागच्या बाजूला भोकं ठेवलेली का?" मी विचारलं.

"हो ना. चार. हवेसाठी." डेल्रॉयने खोका थोडा पुढे ओढला आणि म्हणाला, "आयला, गेली कुठे?"

ती गेली नव्हती. पांढऱ्या थर्माकोलवर पांढरी पट्टी, त्यामुळे दिसत नव्हती इतकंच. मी पहिली पट्टी ओढली. मागे कापसाचा बोळा होता, ओलाचिंब. तो काढताच कोमट दमट वाफ माझ्या बोटांवर आली. उरलेल्या तीनही मी भराभर काढल्या. फेब्रुवारीत वाटीतलं पाणी वाफ होऊन या भोकांतून बाहेर जात होतं, आता जायला जागाच नव्हती. पिल्लं मोठी होत गेली तशी त्यांना हवाही जास्त लागत होती, आणि तीही येत नव्हती.

वाटी बाहेर काढून ठेवायला सांगून मी पट्ट्या उजेडात धरल्या. अगदी सहज सुटल्या होत्या त्या, नखं न लावता. कारण प्रत्येकीचं टोक नीट आत दुमडलेलं होतं.

५

मी सगळ्यांना एकच विचारलं होतं, अंड्यांना धक्का लागेल असं तुम्ही काय केलंत. अंड्यांचं भलं व्हावं म्हणून काय केलंत, हे मी कोणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर अक्षताने पहिल्या मिनिटालाच सांगितलं असतं. शेजारी मिरच्या भाजत होते, तिला स्वतःला ठसका लागत होता, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा म्हणून बजावलं होतं. तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि आतल्या पिल्लांना धूर लागू नये म्हणून तिच्याजवळ होता तो कापूस भोकांत भरला. गल्लीत रोज कुठल्या ना कुठल्या घरी भाजणं चालूच होतं, म्हणून तो काढला नाही. व्हेनेसाने बघितलं ते खरंच होतं, पण तिला त्यातलं काहीही कळलं नव्हतं.

मी लूर्डसला मोरीशी नेऊन सगळं सांगितलं.

"तिला नका सांगू," ती म्हणाली. "तिच्या हातनं मेली हे तिला कळलं तर ती मरेल. माझं नाव सांगा. म्हातारीने भोकं बंद केली म्हणा."

माझ्या आयुष्यात मी एकही खोटा रिपोर्ट दिलेला नाही, त्यावरून माणसं माझ्याशी भांडलेली आहेत. पण त्या पोरीचे खोल गेलेले डोळे आठवले आणि मी हो म्हटलं. पट्ट्या मुठीत घट्ट धरून आम्ही दोघी तिच्या खोलीत गेलो.

लूर्डस बोलली तसं चांगलं. मसाल्याचा धूर, भोकं, कापूस, आपण कसं विसरूनच गेलो, सगळं तिने न अडखळता सांगितलं. अक्षता ऐकत होती. मग ती म्हणाली, "मम्मी, तुम्ही माझ्या इंजेक्शनच्या डब्याला कधी हात लावत नाही." आणि माझ्याकडे वळून, "मावशी, मूठ उघड."

मी उघडली. काय करणार होते?

तिने चारही पट्ट्या एकेक करून मांडीवर ठेवल्या. दुमडलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, तिथली शीर उडत होती, आणि डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये कुठे आहे ते मनातल्या मनात शोधत होते.

"म्हणजे हवा मी बंद केली," ती म्हणाली.

"हो."

"अंड्यांमध्ये काही खोट नव्हती?"

"अजिबात नाही. पूर्ण वाढलेली होती सगळी. धडधाकट."

"आणि माझा हात लागला म्हणून नाही?"

"तुझ्या हातात कापूस होता म्हणून," मी म्हटलं. "बाकी तुझ्या हातात काही नाही."

ती रडायला लागली. लूर्डस पुढे झाली, मी तिला खुणेने थांबवलं, कारण हा सकाळी फोनवर ऐकलेला कोरडा आवाज नव्हता. ती त्या पिल्लांसाठी रडत होती, नाव घेऊन रडावं तशी, मोठ्याने. गेल्या वर्षी ती रडलीच नव्हती.

रडणं थांबल्यावर तिने पदराने नाक पुसलं. पदर सासूचा होता, तो तिने कधी ओढून घेतला होता हे तिलाही कळलं नसावं.

"मावशी, चूक मला कळते," ती म्हणाली. "चूक झाली तर परत नाही करायची, बस. पण गेल्या वर्षी मी डॉक्टरांना विचारलं, का झालं. ते म्हणाले, कारण सापडलं नाही. तेव्हापासून मी ते कारण शोधत होते. प्रत्येक गोष्टीत. मला वाटलं, मीच असणार ते." तिने मांडीवरची एक पट्टी उचलली. "इथे सापडलं ना. मग जिथे नाही सापडलं, तिथे कदाचित खरंच माझं काही नसेल."

लूर्डसने तिच्या केसांवरून हात फिरवला. "नव्हतंच तुझं काय, बाय," ती म्हणाली आणि ताट गरम करायला उठली. अक्षताने अर्धी भाकरी खाल्ली. पुढचे काही दिवस मी पार्ल्यात बसून होते, पण लक्ष सगळं मरोळला. एका फायलीवर मी दोनदा चुकीची सही केली.

फोन आला तो लूर्डसचा, सकाळी, अगदी दबक्या आवाजात. मागून असा गलका येत होता की मला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला.

"अकरा झाली," ती म्हणाली. "बारावं टोचतंय. चार नाय फुटणार असं वाटतं. पहाटेपासून घर डोक्यावर घेतलंय सगळ्यांनी. व्हिक्टर खोक्यापाशीच बसलाय, उठत नाय."

"आणि अक्षता? दे ना तिला फोन."

"ती झोपलीय."

"काय?"

"रात्री जेवून पडली ती अजून उठली नाय. एवढा आवाज चाललाय कानाशी, तरी कूस पण नाय बदलली." मग लूर्डसने विचारलं, "उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे तिला."